आधाराची वाटणी

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचं एक पद असतं. ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं. औषधाला पैसे नाहीत, पेशंट बेवारस आहे, नातेवाईक घरी न्यायला तयार नाहीत, असं काही झालं की डॉक्टर केसपेपरवर दोन ओळी लिहितात आणि तो माणूस आमच्या टेबलाशी येतो. आधी नांदेड आणि मग लातूर अशी माझी नोकरी झाली. या सगळ्या काळात सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न एकच : "सोबत कोण आहे?" अॅडमिशनच्या खिडकीवर हाच प्रश्न, वॉर्डात गेल्यावर हाच, रक्ताची बाटली आणायची असली तरी हाच. ज्याच्यासोबत कोणी आहे त्याला त्यात काहीच वाटत नाही. ज्याच्यासोबत कोणी नाही तो मान खाली घालतो आणि पुष्कळदा खोटं बोलतो : "पोरगं येऊ लालंय, गाडीत हाय."

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. सिस्टर एक आणि पेशंट तीस-चाळीस असले की पाणी पाजायला, लघवीची बाटली रिकामी करायला, सोनोग्राफीला न्यायला घरचं माणूस लागतंच. आपली सगळी रुग्णसेवा या घरच्या माणसावर उभी आहे. पण ज्याला घरचं माणूसच नाही आणि ज्याचा आजारही आठ दिवसांत बरा होणारा नाही, त्याचं काय करायचं? मला याचं जे काही उत्तर मिळालं ते त्या माणसांकडूनच मिळालं. तेच इथे मांडते.

आपल्या या दोन जिल्ह्यांत एकटी माणसं थोडी नाहीत. मुखेड-कंधारकडच्या माळरानात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गावात म्हातारी माणसं मागे राहतात. उदगीर, निलंगा, अहमदपूरची शिकलेली पोरं पुण्याला, चाकणला जातात. पैसे महिन्याला येतात, माणूस सणाला येतो. नवऱ्यानं टाकलेली बाई भावाच्या वाड्यातल्या कडेच्या खोलीत दिवस काढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत ज्यांचं सगळं घर गेलं, त्यांतली काही माणसं आता थकली आहेत आणि बीपी-शुगरच्या गोळ्या एकट्यानं घेत आहेत. आणि लातूरच्या ट्यूशन एरियात सतरा-अठरा वर्षांची पोरं भाड्याच्या खोलीत राहून नीटची तयारी करतात. त्यांतल्या एखाद्याच्या बॅगेत पुस्तकांसोबत इन्सुलिनचं पेनही असतं.

नातेवाईक येतच नाहीत असंही नाही. अपेंडिक्सचं ऑपरेशन असलं तर जीप भरून माणसं येतात, खाली झाडाखाली सतरंजी टाकून बसतात. किडनीचा आजार मात्र वर्षानुवर्षं चालतो. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा डायलिसिस, दर वेळी साधारण चार तास, वर जाण्यायेण्याचा दिवस. पहिल्या महिन्यात भाऊ येतो, दुसऱ्या महिन्यात पुतण्या येतो, पुढे फोन येतो. त्या भावाला दोष देणं मला कधीच जमलं नाही. त्याची मजुरी बुडते आणि त्याच्याही घरी खाणारी तोंडं असतात. सगळा भार एका माणसावर टाकला की तो माणूस मोडतो, आणि तो मोडला की पेशंटचं येणंही थांबतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं की पुढे "तुमच्याकडे बघणारं कोण आहे?" असं विचारणंच सोडून दिलं. मी कामं विचारू लागले.

लोहा तालुक्यातले एक काका होते. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य गेलेलं, बायको वारलेली, मुलगी सासरी तेलंगणात. मंगळवार-शुक्रवार नांदेडला डायलिसिसला यायचे. केसपेपरच्या पाठीमागे आम्ही दोन रकाने पाडले. डावीकडे कामं लिहिली : सकाळी फाट्यापर्यंत नेणं, परतताना फाट्यावरून घरी सोडणं, त्या रात्रीचं जेवण, रोज सकाळी वजन करून वहीत लिहिणं, गोळ्या आणणं, रात्री एकदा चौकशी. काका म्हणाले, "वजन मीच करतो, लिहितो पण मीच. जिंदगीभर हिशोबच लिहिला." तिथं त्यांचंच नाव आलं. फाट्यावर सकाळी दूध घालायला जाणाऱ्या पोराची मोटारसायकल होती. परतीला फाट्यावरचा चहावाला त्यांना बाकावर बसवून घ्यायचा आणि नांदेडच्या दुकानातून सुटून येणारा एक तरुण त्यांना गावात सोडायचा. त्या दोन रात्रींची भाकरी शेजारच्या सुनेनं पत्करली. उरलेले पाच दिवस काका स्वतः रांधायचे. रकाने भरल्यावर त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

यातल्या एकाही माणसाला कोणी म्हटलं असतं, "काकांना कोणी नाही, तुम्ही त्यांच्याकडे बघा," तर तो घाबरून मागे सरला असता. मंगळवार-शुक्रवार साडेपाचला फाट्यावरून घरापर्यंत, एवढंच मागितल्यावर कोणीच नाही म्हणालं नाही. कामाला वार असला, वेळ असली आणि ते कुठे संपतं हे दिसत असलं की माणूस हो म्हणतो. आपली माणसं निष्ठुर झाली असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही. मदत मागायची तर ती मोजून, वाटून मागावी लागते.

मदत करणाऱ्याला आजार समजावून सांगणंही तितकंच गरजेचं असतं. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जाताना शहाळं नेतात. डायलिसिसच्या पेशंटला तेच धोक्याचं, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. केळी, मोसंबी यांचंही तेच. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की घशाला कोरड पडते, आणि या माणसांना दिवसाचं पाणी मापून प्यायचं असतं. दारात आलेल्याला आपण आधी पाण्याचा तांब्या देतो आणि नको म्हटलं तर आग्रह करतो. काकांच्या शेजारणीला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं : भाजीत मीठ नावाला, पाण्याचा आग्रह नाही, आणि डाव्या हाताला कोणी बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही. त्या हातात फिस्टुला होता. रक्तवाहिन्या जोडून केलेली ती जागा. वर बोटं ठेवली की आतली थरथर जाणवते. ती थरथर रोज सकाळी तपासायची आणि थांबलेली वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काकांनी शेजारणीच्या शाळकरी मुलाची बोटंही त्या जागी ठेवून बघायला लावली. मग तो पोरगा शाळेत जाताना रोज दारातून ओरडायचा, "आजोबा, चालू हाय का?"

डायलिसिसच्या हॉलमध्ये आणखी एक नातं आपोआप तयार होतं. सकाळच्या शिफ्टला तीच माणसं, बहुतेक त्याच खाटा. सुया काढल्यावर जागा दहा-पंधरा मिनिटं दाबून धरावी लागते. शेजारच्या खाटेवरची बाई आधी मोकळी झाली की आपल्या हातानं दुसऱ्याची पट्टी धरते. बीपी खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा "जरा बस, इतक्यात उठू नको" म्हणणारं तिथंच असतं. अशा शिफ्टमधल्या एकट्या राहणाऱ्यांची आम्ही जोडी लावून द्यायचो. आदल्या संध्याकाळी एकानं दुसऱ्याला फोन करायचा : "उद्या येता ना?" फोन उचलला नाही तर गावातल्या एका नंबरावर कळवायचं. घरी गेल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटानं घट्ट दाबून धरायचं, हात वर करायचा, आधी शेजाऱ्याला हाक मारायची आणि १०८ ला फोन लावायचा, हे प्रत्येकाकडून तोंडपाठ करून घ्यायचो. एकट्या माणसाचा एक हात जखमेवर अडकलेला असतो, म्हणून शेजाऱ्याचा नंबर मोबाइलमध्ये एका बटणावर लावून द्यायचो.

आता कागदांबद्दल. एकट्या माणसाची सगळ्यात मोठी अडवणूक इथंच होते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैत पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. डायलिसिस तिच्यात बसतं, गरिबाला एक पैसा पडत नाही. पण योजनेच्या आरोग्यमित्रासमोर बसल्यावर पहिला कागद लागतो तो रेशन कार्डाचा. टाकलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावर, ते कार्ड नवऱ्याच्या ताब्यात आणि तो देत नाही. माहेरच्या कार्डावरून तिचं नाव लग्नाच्या वर्षीच कमी झालेलं. उपचार फुकट असूनही ती दारातच अडकते. अशा बायकांसाठी विभक्त शिधापत्रिका मिळवणं हे माझ्या टेबलावरचं रोजचं काम होतं. मराठवाड्यात 'कोरो' या संस्थेच्या पुढाकारानं उभी राहिलेली एकल महिला संघटना ही रेशन कार्ड, पेन्शन, घरावर नाव या प्रश्नांवर बायकांना घेऊन तहसीलला जाते, तेव्हा मला फार हायसं वाटतं. तहसीलच्या पायऱ्यांवर एकटी बाई आणि दहा जणींसोबत आलेली बाई यांच्याशी बोलण्याचा सूरच वेगळा असतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. विधवा, परित्यक्ता, अपंग यांच्याबरोबर क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांनी कमाईला मुकलेली माणसंही तिच्यात येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना दीड हजार झाली. दीड हजारात घर चालत नाही, पण डब्याचे पैसे किंवा गोळ्यांचा खर्च निघतो आणि मुख्य म्हणजे भावजयीपुढे हात पसरायला लागत नाही. किनवट-माहूरकडची सिकलसेलची पोरं येत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वात धरलं आहे. सिकलसेल आणि डायलिसिसच्या पेशंटना एसटीची प्रवास सवलतही आहे. किनवटहून नांदेडला येणाऱ्यासाठी ही सवलत म्हणजे उपचार चालू राहणं किंवा थांबणं. काकांना एसटीचे सगळे नियम पाठ. त्यांनी त्या हॉलमधल्या कितीतरी जणांचे सवलतीचे अर्ज खाटेवर पडल्या पडल्या भरून दिले.

नांदेड-लातूरमध्ये पोटाची सोय लावणं मात्र मला कधी फार जड गेलं नाही. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कोणालाही जात-धर्म न विचारता जेवायला वाढतात. दवाखान्यात अडकलेला कितीतरी नातलग तिथं जेवून येतो. लातूरला आल्यावर दुसरी वाट सापडली. ट्यूशनच्या पोरांमुळे इथे गल्लोगल्ली खाणावळी आहेत आणि डबे पोचवणाऱ्या बायका आहेत. एका खाणावळवाल्या ताईंना विचारलं, "वीस डब्यांत एक अळणी डबा जमेल का?" त्या म्हणाल्या, "वरणाला मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. त्यात काय अवघड हाय?" पुढे बीपीच्या पेशंटसाठी त्यांच्याकडे नेमानं असे डबे मागवले जाऊ लागले.

लातूरच्या औसा रोडकडच्या एका वस्तीत एक आजी राहायच्या. मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन, घरी फ्रीज नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत इन्सुलिन खराब व्हायचं, मग साखर चारशेच्या पुढे. त्यांच्या घरी जाऊन आम्ही एका मोठ्या कुंडीत ओली वाळू भरली, तिच्यात छोटं मडकं बसवलं, इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून मडक्यात ठेवली आणि वर ओलं फडकं टाकलं. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची. फ्रीज नसलेल्या घरांसाठी डॉक्टरच सुचवतात अशी ही सोय आहे. हात घातला की आत गारवा लागायचा. आजींना फार आनंद झाला.

त्या एकदा पहाटे साखर उतरून पडल्या होत्या. घाम, थरथर, बोलणं तुटलेलं. दाराला आतून कडी होती. शेजाऱ्यांना पत्रा उचकटावा लागला. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी तेव्हापासून दाराबद्दल विचारते. रात्री आतली कडी लावायची नाही. बाहेरून किल्लीनं उघडेल असं लॅच बसवायचं आणि एक किल्ली शेजारी ठेवायची. एकट्या बाईला कडी न लावता झोप लागत नाही, त्यामुळे लॅचच्या पैशांची सोय करणं हेसुद्धा उपचारात धरावं लागतं. उशाशी साखरेची पुडी आणि गूळ. आणि खुणेची गोष्ट आजींनीच ठरवली. त्या रोज उजाडता अंगणात सडा टाकायच्या. समोरच्या घरातल्या सुनेला त्यांनी सांगून ठेवलं, "सात वाजले तरी माझा सडा दिसला नाही, तर किल्ली घेऊन ये." यासाठी मोबाइल लागला नाही, यंत्र लागलं नाही. सून दारात उभी राहून केस विंचरताना सहज समोर बघायची, तेवढंच.

बदल्यात आजी त्या सुनेची दीड वर्षांची पोर दुपारी सांभाळायच्या. सून शिलाईचं काम करायची. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एकटा पेशंट नुसता घेत राहिला की त्याला लाज वाटायला लागते, मग तो मागायचंच बंद करतो. त्याच्या हातून काहीतरी दिलं गेलं की तो ताठ मानेनं मागू शकतो. काका अर्ज लिहायचे. कोणी दुपारी गल्लीतल्या किल्ल्या सांभाळायचं, कोणी पोरांचे पाढे घ्यायचं. कामांच्या त्या कागदावर मी पुढे तिसरा रकाना पाडला : "तुम्ही कोणाचं काय कराल?" तो भरताना माणसांच्या चेहऱ्यात फरक पडायचा.

ट्यूशन एरियातला एक मुलगा टाइप वनचा मधुमेही होता. खोलीतल्या मित्रांपासून त्यानं ते लपवलं होतं. बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन घ्यायचा. कळलं तर घरमालक खोली सोडायला लावेल, असं त्याच्या मनात होतं. दोघा रूममेट्सना बोलावून साखर उतरल्याच्या खुणा सांगितल्या, शुद्धीवर असेल तर साखर द्यायची, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, हे बजावलं. त्यांतला एक म्हणाला, "यानं आधी सांगितलं असतं तर आम्ही रात्री उठून बघितलं असतं की." पुढे डॉक्टर व्हायचं स्वप्न घेऊन आलेली पोरं ती. त्यांनी हे काम फार मनापासून केलं.

गावात मात्र शेजारीच ऊसतोडीला गेलेला असतो. तिथे आशाताई आणि बचत गटाच्या बाया हाच आधार. दिवाळीच्या आधीच, टोळ्या निघण्यापूर्वी, मागे राहणाऱ्या आजाऱ्यांची यादी करून कामं वाटून घ्यावी लागतात. नंतर गावात विचारायलाही कोणी सापडत नाही. लातूर-धाराशिवच्या बायकांना अशा कामाची सवय जुनी आहे. भूकंपानंतर घरं दुरुस्त करण्याच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांमधून संवाद सहायक नेमल्या गेल्या होत्या. प्रेमा गोपालन आणि त्यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. सरकारी कचेरी आणि उद्ध्वस्त घर यांच्यामध्ये या बायका उभ्या राहिल्या. आजारी माणूस आणि दवाखाना यांच्यामध्ये तसंच कोणीतरी हवं असतं.

काही आजारांत शेजारच दार लावून घेतो. एचआयव्हीच्या बाबतीत मी ते पाहिलं आहे. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये अशा मुलांसाठी सेवालय सुरू केलं, म्हणून कितीतरी पोरं औषध घेत मोठी झाली. जिथे गल्ली कामाला येत नाही तिथे संस्था लागते, आणि ती टिकवण्याची जबाबदारी त्याच गल्लीतल्या आपल्यासारख्यांची आहे.

एकट्या माणसाचं औषध पैशावाचून सुटतं, तसं आणखी एका कारणानंही सुटतं. "कोणासाठी घ्यायच्या गोळ्या?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि त्याला घाईनं उत्तर देऊ नये असं मी शिकले. आधी ऐकून घ्यावं लागतं. रात्री-अपरात्री मन फार खचलं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. हे नंबर मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यायची. पण नंबर लिहून दिल्यावरही पुढच्या आठवड्यात "फोन लावला होता का?" असं विचारणारं कोणीतरी लागतं. त्या विचारण्यालाही कागदावर एक ओळ आणि एक नाव असावं.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात, पथ्य असतं, पुढची तारीख असते. त्याच्या मागे कामांचे हे तीन रकाने छापावेत असं मी वरिष्ठांना अनेकदा लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन. त्याला वेगळा निधी लागत नाही, पेशंटजवळ पंधरा मिनिटं बसणारं माणूस लागतं. प्रौढ, शुद्धीवर असलेला पेशंट स्वतःच्या उपचाराला स्वतः संमती देऊ शकतो. निव्वळ सही करायला नातेवाईक नाही म्हणून त्याला कोणी ताटकळत ठेवू नये, हेही त्याच कार्डावर असावं.

आणि वाचणाऱ्याला सांगायचं ते असं. तुमच्या गल्लीत असं एक तरी माणूस असेलच. "काही लागलं तर सांगा" असं म्हणून पुढे जाऊ नका. लागलं तरी ते सांगणार नाही. त्याच्याकडे जा आणि एक काम मागून घ्या : गुरुवारच्या गोळ्या, सोमवारचा डबा, रात्री नऊचा फोन, दाराची एक किल्ली. जेवढं झेपेल तेवढंच घ्या. गावाला जाणार असाल तर चार दिवस आधी सांगा आणि तेवढ्यापुरतं ते काम दुसऱ्याकडे सोपवा. मी पाहिलेली एकटी माणसं अशाच छोट्या, ठरलेल्या कामांवर वर्षानुवर्षं जगली आहेत, आणि ती कामं करणाऱ्यांपैकी कोणीही थकून गेलेलं मी पाहिलं नाही.